शाळेत सिस्टर का नाही?

शाळकरी मुलींच्या पाळीचा प्रश्न आता बराचसा मार्गी लागला आहे, असं मानणारे लोक अलीकडे वारंवार भेटतात. त्यांत अधिकारी आहेत, संस्थाचालक आहेत, मुलींसाठी मनापासून काही करू पाहणारे देणगीदारही आहेत. त्यांच्याकडे आकडे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते २४ वयाच्या साधारण ५८ टक्के तरुणी पाळीत स्वच्छ साधन वापरत होत्या. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं, आणि महाराष्ट्र या सरासरीच्याही पुढे आहे. २०१८मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. त्याच वर्षी ८ मार्चला राज्याने अस्मिता योजना आणली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत देऊ केलं. अनेक शाळांत पॅडची यंत्रं बसली, वापरलेले पॅड जाळण्याच्या भट्ट्या बसल्या. आता राहिलं काय, असं हे लोक विचारतात. शाळांसाठी परिचारिका नेमा असं म्हटलं, की हाच प्रश्न जरा चढ्या आवाजात येतो.

मुख्य काम राहिलं आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. आजवर जे दिलं त्यात सगळ्या वस्तू आहेत. पाळी आलेल्या मुलीला जिच्याकडे जाता येईल, जिला त्यातलं कळतं आणि जी ऐकलेलं चारचौघांत बोलणार नाही, अशी व्यक्ती त्यात कुठेच नाही.

जुलै २०२५मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले. पालकांच्या तक्रारीनुसार पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं गेलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले गेले, कोणाकोणाची पाळी चालू आहे असं विचारलं गेलं, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलींना आत नेऊन कपडे उतरवायला लावून तपासलं गेलं. पालक संतापले, बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. त्याआधी पाच वर्षं, फेब्रुवारी २०२०मध्ये, गुजरातमधल्या भुजच्या एका महिला महाविद्यालयाच्या वसतिगृहात ६८ मुलींवर असाच प्रसंग ओढवला होता. शहापूरनंतर जी चर्चा झाली ती शिक्षेची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. शिक्षा व्हायलाच हवी. पण ही फी घेणारी खासगी शाळा होती. तिथल्या मुलींना पॅड मिळत नव्हते म्हणून हे घडलं, असं कोणी म्हणू शकणार नाही. रक्त दिसल्यावर ‘हे कोणी केलं’ असं विचारणारे लोक त्या शाळेत होते. ‘कोणाला त्रास होतोय, ती आता कुठे आहे, पहिलीच वेळ आहे का, खूप जातंय का’ हे विचारणं मात्र तिथे कोणाच्याच कामाचा भाग नव्हतं. परिचारिकेच्या प्रशिक्षणात हाच प्रश्न आधी येतो. तिच्यासाठी डाग हा गुन्ह्याचा पुरावा नसतो, एका मुलीच्या शरीराची खूण असते.

यावर पहिलं उत्तर येतं ते शिक्षिकांचं. वर्गात बाई आहेतच, वेगळी बाई कशाला? सरकारचंही हेच उत्तर आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२०पासून प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायचे, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आणि त्यांनी आरोग्याचे तास घ्यायचे, अशी योजना आहे. कागदावर ती नीट दिसते. प्रत्यक्षात शिक्षकांच्या डोक्यावर आधीच पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं आहे आणि ‘आम्हाला शिकवू द्या’ असं ते वर्षानुवर्षं सांगत आहेत. त्यांचं म्हणणं खरं आहे. ग्रामीण भागातल्या कित्येक छोट्या शाळांत दोन्ही शिक्षक पुरुष असतात, तिथे ‘वर्गातल्या बाई’ ही सोयच नसते. आणि बाई असल्या तरी त्या गुण देणाऱ्या, वडिलांना ओळखणाऱ्या, पालकसभेत आईशेजारी बसणाऱ्या असतात. पोटात दुखतंय म्हणून मुलगी त्यांच्याकडे जाईल. पाळी दोन महिने चुकली म्हणून, किंवा खाली खाज येते म्हणून, ती जाणार नाही. शिक्षिकेने तास घ्यावा, चांगला घ्यावा, मुलग्यांनाही त्या तासाला बसवावं. पण तास घेणं आणि मुलीची तब्येत पाहणं ही दोन कामं आहेत. भूगोलाच्या शिक्षिकेकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा करणं तिच्यावरही अन्याय आहे.

दुसरं उत्तर जास्त जिव्हाळ्याचं आहे, म्हणून त्याच्याशी जास्त वेळ थांबून बोललं पाहिजे. हे आईचं काम आहे, असं म्हणतात. घरातली गोष्ट घरात राहावी, आईने मुलीला जवळ घेऊन सांगावं. मलाही तसं घडलेलं आवडेल. पण आईला काय सांगितलं गेलं होतं, हे कोणी विचारत नाही. बाजूला बसायचं, लोणच्याला हात लावायचा नाही, देवघराकडे जायचं नाही, धुतलेला कपडा कोणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायचा: बहुसंख्य आयांचं शिक्षण एवढंच झालेलं आहे. गडचिरोलीच्या माडिया गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईने कुर्माघरात राहायचं असतं, गावाच्या कडेच्या झोपडीत, पावसाळ्यातसुद्धा. तिथली आई मुलीला जे शिकवेल ते त्या झोपडीतच शिकलेलं असेल.

बीडच्या आयांचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांसमोर आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला, तेव्हा राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. कोयत्याच्या उचलीत नवरा-बायको दोघं बांधलेली, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जाणार, फडात ना पाणी ना आडोसा. पाळीत दुखलं, अंगावरून गेलं, की खासगी दवाखान्यात जायचं. तिथे ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकायचं आणि कर्ज काढून पिशवी काढून टाकायची. यात लूट आहे, मुकादमाची आणि कारखान्याची जबाबदारी आहे, ती बाजूला सारता येणार नाही. तरी ही फसवणूक इतकी सहज चालली याचं एक कारण असं, की या बायांना पांढरं जाणं म्हणजे काय, किती रक्तस्राव नेहमीचा आणि किती जास्त, साध्या जंतुसंसर्गावर गोळ्यांनी उपचार होतो की नाही, हे कोणीही कधीही सांगितलेलं नव्हतं. त्याही कधीतरी बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणी दोन-चार वर्षं का होईना, शाळेत गेल्या होत्या.

आता त्याच बाईला आपण सांगतो, मुलीला तूच समजाव. ती दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि पाच-सहा महिने फडावर असते. मुलगी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असते. तिला पहिली पाळी डिसेंबरात आली तर आई तिथे नसते. आणि बीडमध्ये मुलीला पाळी आली की दुसरीच घाई सुरू होते. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. अशा घरात पाळीबद्दल आईखेरीज आणखी एका जाणत्या माणसाशी बोलता येणं, ही त्या मुलीच्या पुढच्या आयुष्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

तिसरं उत्तर संस्कृतीचं: असं शाळेत बोलणं आपल्यात बसत नाही. हा मुद्दा मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात नवं काही नाही. २००७मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली, तेव्हा हाच मुद्दा होता. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, तेव्हाही हाच मुद्दा होता. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४मध्ये त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शंभर वर्षं आपण एकाच जागी अडून आहोत, आणि तोवर शरीर आपल्या वेळेनेच चालतं. आपल्याकडे मुलींची पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी, सहावी-सातवीत सुरू होते. काहींची त्याआधीच येते. मासिक पाळीचं चक्र नीट आकृतीसह समजावणारा धडा विज्ञानात येतो तो दहावीच्या पुस्तकात, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’मध्ये. तोवर तिच्या तीसेक पाळ्या होऊन गेलेल्या असतात.

इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशीही वाद घालायचा आहे. पाळीमुळे २३ टक्के मुली शाळा सोडतात, हा आकडा आपण भाषणांत, पत्रकांत, जाहिरातींत सर्रास वापरतो. तो पंधरा वर्षांपूर्वीच्या, सॅनिटरी पॅडच्या प्रसाराशी जोडलेल्या एका बाजारपाहणीतून आलेला आहे आणि एवढं ओझं पेलण्याइतका तो भक्कम नाही. उलट २०११मध्ये एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थतज्ज्ञांनी नेपाळच्या चितवनमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही मुलींना मासिक पाळीचे कप दिले, काहींना दिले नाहीत, आणि हजेरी मोजली. १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे बुडालेली शाळा अर्ध्या दिवसापेक्षाही कमी निघाली आणि कप मिळाल्याने हजेरीत फरक पडला नाही. परिचारिकेला विरोध करणारे हा अभ्यास आनंदाने पुढे करतात: बघा, मुली येतातच की शाळेत.

येतात. मी तर म्हणते, म्हणूनच शाळेत परिचारिका हवी. त्या अभ्यासातून सिद्ध होतं ते इतकंच, की नुसती वस्तू देऊन हजेरी वाढत नाही. मुलगी बाकावर कशी बसलेली असते, हे हजेरीपटावर उमटत नाही. सकाळपासून पाणी न प्यायलेली असते, कारण शौचालयात जायचं नाही. डाग पडेल म्हणून फळ्याकडे जायला तयार नसते. पीटीच्या तासाला कसलंतरी कारण सांगते. दुखणं दातओठ आवळून सहन करते, कारण सहन करणं हेच बाईपण असं तिने घरी पाहिलेलं असतं. ‘हजर’ असं लिहून आपण पुढच्या नावाकडे जातो.

शाळेत परिचारिका नेमकं काय करेल, असं विचारणाऱ्यांना तपशीलच सांगायला हवा. पहिली दोन वर्षं पाळी अनियमित असणं स्वाभाविक आहे. २१ दिवसांनी आली किंवा ४५ दिवसांनी आली तरी या वयात बहुतेक वेळा घाबरण्याचं कारण नसतं. हे एक वाक्य वेळेवर ऐकलं तर कितीतरी मुलींची रात्रीची झोप वाचेल. पण सात दिवसांच्या पुढे चाललेली पाळी, तासा-दोन तासाला भिजणारं पॅड, मोठ्या गाठी, उठताना येणारी चक्कर हे स्वाभाविक नाही. अशा मुलींपैकी काहींना रक्त न गोठण्याचा जन्मजात विकार असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतच लक्षात येतो. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर तपासणी हवी. दर महिन्याला शाळा-घर सगळं थांबवणारं दुखणं गोळीनेही कमी होत नसेल तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी, कारण या आजाराचं निदान व्हायला जगभर वर्षानुवर्षं लागतात, आणि ती वर्षं ‘सगळ्यांनाच दुखतं’ या वाक्यात जातात. साध्या दुखण्यावर जेवल्यानंतर घेतलेली आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिडची गोळी चांगली लागू पडते. ‘पाळीत गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही’ ही भीती खोटी आहे, आणि ती काढायला मुलीचा विश्वास असलेलं माणूस लागतं.

रक्तक्षयाचं पाहा. त्याच पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. सरकार शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतं, २०१३पासून देतं. मुली ती खिशात ठेवतात, खिडकीबाहेर टाकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं धोक्याचं नाही, गोळी जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा प्यायचा नाही, हे प्रत्येकीला वेगळं गाठून सांगावं लागतं. खडू किंवा माती खाणारी मुलगी खोडकर नसते, तिच्या शरीरात लोह कमी असू शकतं. नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलीला सिकलसेल असेल तर तिचा सगळा हिशेबच निराळा होतो. हे पत्रक वाटून होणारं काम नाही, आणि वर्षातून एकदा स्टेजवर तज्ज्ञ बोलावूनही होत नाही.

तपासणी पथकं आहेत ना, असं इथे विचारतात. आहेत, आणि त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक शाळेत येतं. त्यांनी हृदयातली छिद्रं वेळेवर शोधल्यामुळे कितीतरी मुलं वाचली. पण हे पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, आणि मुलीला पाळी बारा-तेरा वेळा येते. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेकडे पाच हजार लोकसंख्या असते, आदिवासी भागात तीन हजार. लसीकरण, गरोदर माता, नोंदवह्या यांतून ती शाळेत कधी पोहोचणार? किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिकं रुग्णालयांत आहेत, आणि आठवीतली मुलगी दप्तर घेऊन एकटी तालुक्याच्या रुग्णालयात जात नाही.

तपासणी आणि देखभाल यांतला हा फरक काही मी शोधलेला नाही. १९०२मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर येत, मुलांना खरूज, उवा, डोळ्यांचे आजार आढळले की घरी पाठवत, आणि ती मुलं परत येत नसत. तिथल्याच परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या एका परिचारिकेला चार शाळांत पाठवलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची, संध्याकाळी घरी जाऊन आईला दाखवायची. त्या सप्टेंबरात १०,५६७ मुलं घरी पाठवली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, शाळांत आणखी परिचारिका नेमल्यावर, हा आकडा १,१०१वर आला. आपल्याकडे शालेय मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात झाली. १९४६मध्ये भोर समितीने लिहून ठेवलं, की देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीच. सुरुवात आपणही वेळेत केली होती; तपासणीच्या पुढचं पाऊल मात्र टाकलं नाही.

राहिला पैसा. राज्यात एक लाखाहून जास्त शाळा आहेत, एवढ्या परिचारिका कुठून आणणार, असं म्हणतात. प्रत्येक शाळेला एक द्या, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे शाळांची ४,८६० केंद्रं, म्हणजे जवळपासच्या शाळांचे गट, आहेत. प्रत्येक केंद्रामागे एक परिचारिका, आणि तिने पाचवीच्या पुढचे वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेत आठवड्याला एक ठरलेला दिवस, ठरलेल्या खोलीत बसायचं. महिना ३५ हजार पगार धरला तर वर्षाला २०४ कोटी रुपये होतात. २०२४पासून हे राज्य लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून अधिक बहिणींना दरमहा १,५०० रुपये देतं, म्हणजे महिन्याला तीन हजार कोटींच्या वर. ते पैसे बायांना मिळू नयेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्या खर्चाच्या जेमतेम दोन दिवसांच्या रकमेत त्याच बहिणींच्या मुलींसाठी वर्षभर परिचारिका मिळतात, तेव्हा परवडत नाही हे कारण टिकत नाही. आणि माणसंही आहेत. एएनएम, जीएनएम हे परिचारिकेचे अभ्यासक्रम केलेल्या कितीतरी मुली खासगी रुग्णालयांत तुटपुंज्या पगारावर राबतात किंवा अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर दिवस काढतात. ही पदं कायम असली पाहिजेत. मुलीचा विश्वास बसायला वर्ष जातं. दर वर्षी सिस्टर बदलली तर तो कोणावर बसणार?

सुरुवात आश्रमशाळांपासून व्हावी. शासकीय आणि अनुदानित मिळून त्या हजाराहून अधिक आहेत, आणि तिथली मुलगी आईपासून शे-दोनशे किलोमीटर दूर, चोवीस तास शाळेच्याच हवाली असते. पंधरा वर्षांत हजाराहून अधिक आदिवासी विद्यार्थी या शाळांत दगावल्याचं डॉ. सुभाष साळुंके समितीच्या अहवालातून २०१६मध्ये पुढे आलं. जिथे साधा ताप वेळेवर ओळखला जात नाही तिथे पाळीकडे कोण पाहणार? या शाळांना केंद्रातल्या शाळांत वाटून दिलेली परिचारिका पुरणार नाही. तिथे ती आवारातच राहणारी हवी, आणि स्त्री अधीक्षिकेचं पद रिकामं आहे म्हणून तेही काम तिच्याच गळ्यात घालता कामा नये.

आणखी एक अट, जी सोडली तर बाकी सगळं व्यर्थ जाईल. ही परिचारिका मुख्याध्यापकांच्या हाताखाली असू नये. तिने तालुका आरोग्य अधिकाऱ्याला जबाबदार असावं. तिची वही शाळेच्या कपाटात राहू नये. पॉक्सोखाली कळवायची बाब असेल तर ती पोलिसांना कळवेल, तो कायदा आहे. बाकी कोणत्या मुलीने काय सांगितलं, कोणाची पाळी केव्हा आली, कोणाची चुकली, हे संस्थाचालकांना, वर्गशिक्षकांना किंवा पालकसभेला विचारण्याचा अधिकार नसेल, असं नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेलं असावं.